ग्विन्या आणि पन्नास गुंठे

सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली, त्यामुळे मांजराबद्दल वाचतानाही माझं लक्ष सात-बाराकडे. हे मांजर चिलीतलं, नाव ग्विन्या. दोन्ही अमेरिका खंडांतलं सर्वांत लहान रानमांजर. वजन जेमतेम दोन-अडीच किलो, अंगभर काळे ठिपके, शेपूट झुपकेदार. काही तर पुरती काळीच निपजतात. मध्य-दक्षिण चिली आणि अर्जेंटिनाची त्याला लागून असलेली चिंचोळी पट्टी, एवढाच मुलूख. बांबूच्या जाळीत दडायचं, उंदीर-पाखरं मारायची.

जंगल तुटलं की मांजर संपलं, असं आपण धरून चालतो. चिलीच्या अराउकानिया भागात संशोधक निकोलस गाल्वेस आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून पाहिलं, 2018 मध्ये निष्कर्ष छापले. मोठ्या शेतमळ्यांवर जंगल बरंच गेलेलं असूनही उरल्यासुरल्या झाडीत ग्विन्या तग धरून होतं. खरा धोका निघाला जमिनीचे तुकडे पडण्याचा!

इथे मी सावरून बसलो. चिलीत 1980 च्या कायद्याने शेतजमिनीचे अर्ध्या हेक्टरपर्यंत तुकडे पाडता येतात, म्हणजे आपले साधारण पन्नास गुंठे. वीस हेक्टरांचा एक मालक जाऊन चाळीस येऊ शकतात. प्रत्येकाचं कुंपण, वाट, कुत्रा आणि हौसेच्या चार कोंबड्या. नकाशावर झाडी तेवढीच दिसते, पण मांजराने पाऊल टाकलं की कुणाच्या तरी परसात. कोंबडी गेली की माणूस बंदूक काढतो. शिकारीला बंदी आहे, पण आपल्याकडेही तुकडेबंदी 1947 पासून आहे. त्यातून वाटा कशा काढतात ते मला विचारा.

शिवाय पाळीव मांजरं येतात. त्यांच्यातले विषाणू, फेलाइन ल्युकेमिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचासुद्धा, ग्विन्यांमध्ये सापडले आहेत. हे कुठल्याच मोजणीत येत नाही.

एकदा पडलेले तुकडे पुन्हा जोडलेले मी तरी फारसे पाहिले नाहीत. त्यामुळे माझी अपेक्षा लहान आहे: प्लॉट घेतलाच असेल तर खुराड्याला बारीक जाळी मारा, कोंबड्या तिन्हीसांजेला कोंडा, कुत्रा मोकाट सोडू नका, पाळीव मांजराला लस द्या. कुंपणाला जो पैसा ओततात, त्यापुढे हा खर्च किरकोळच.