मेटॅलिका हळू वाजते तेव्हा

लातूरला बारावीच्या क्लासेससाठी खोली करून राहायचो, तेव्हा मेटॅलिका, म्हणजे अमेरिकेचा हेवी मेटल बँड, ऐकायची ती वेगासाठी. १९८८च्या अल्बमचं शीर्षकगीत पावणेदहा मिनिटांचं. बास गिटार जवळपास ऐकूच येत नाही. मग १९९१चा काळा अल्बम. निर्माता बॉब रॉक, गाणी आटोपशीर. त्यातलं 'नथिंग एल्स मॅटर्स' बँडचा गायक-गिटारवादक हेटफिल्डनं स्वतःपुरतंच लिहिलेलं. एका हातात फोन, म्हणून दुसऱ्या हातानं नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या, तीच सुरुवात. संगीतकार मायकेल केमनचा वाद्यवृंद नंतर आला, आणि तो मागंच राहतो हे बरंय.

पार्टनर म्हणायचा, "काय रडगाणं लावलंस रं!" मला मात्र त्यातला गिटारचा सोलो जास्त भिडतो. तो बँडचा मुख्य गिटारवादक हॅमेटचा नाही, हेटफिल्डचाच. यावर चहाची पैज जिंकलोय.