बांधापलीकडचं पाणी

आज दिवसभर एकच काम. प्राध्यापकपदाच्या अर्जाला जोडायचं रिसर्च स्टेटमेंट. दोनच पानं: आतापर्यंत काय संशोधन केलं आणि पुढच्या पाच वर्षांत काय करणार. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. प्रबंधातली वाक्यं उचलून ठेवली होती, सगळी बरोबर आणि सगळी निर्जीव. निवड समितीतले सगळेच काही भूजलवाले नसतात.

दुपारी अण्णा शेतातून आले. "सकाळधरनं काय लिहायलीस माय?" मी सांगत बसले, बेसॉल्टच्या काळ्या पाषाणातलं भूजल, भेगांची दिशा, पुनर्भरण. त्यांनी शांतपणे ऐकलं. "म्हंजी आपल्या बोरला पाणी लागलं नाही अन् बांधापलीकडं लागलं, त्येच की."

तेच! काळ्या पाषाणात पाणी राहतं ते वरच्या मुरमात, भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात. भेग चुकली की वीस फूट पलीकडचा बोर कोरडा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात घागर घेऊन रांगेत उभी असताना मला हाच प्रश्न पडला होता. आणि माझ्या मसुद्यात तो चौथ्या परिच्छेदात दडलेला!

आता पहिलं वाक्य अण्णांच्या प्रश्नाचं आहे. पुढच्या योजनेत आमच्या शिवारातल्या विहिरी घेतल्यात. पावसाळ्याआधी आणि नंतर विद्यार्थ्यांनी टेप सोडायची, ओली खूण कुठपर्यंत आली ते वाचायचं, वहीत मांडायचं. हे लिहिताना हात एकदाही थांबला नाही.

उद्या सकाळी गाईड मॅडमना वाचायला पाठवते.