सह्याद्री-दर्शक, नोंद ७: डीबग बिल्डचा घाट

मंडळी, यावेळी नवं चित्र नाही. तीन रात्री विंडोजच्या डीबग बिल्डने (चुका शोधण्यासाठी बांधलेली प्रोग्रामची आवृत्ती; रोज वापरायची ती रिलीज) खाल्ल्या, त्याचाच हा हिशोब.

नव्याने आलेल्यांसाठी: नासाच्या एसआरटीएम मोहिमेने फेब्रुवारी २००० मध्ये रडारने मोजलेल्या उंचीची एक फाइल घ्यायची आणि तिच्यातून सह्याद्री थ्रीडीत उभा करायचा, एवढाच हा उद्योग. वाचणारा भाग सी-प्लस-प्लसमध्ये, चित्र व्हीटीके या थ्रीडी चित्रांच्या लायब्ररीकडे (लायब्ररी म्हणजे तयार कोडचा संच), वरची हौस पायथनमध्ये. एन१८ई०७३ (उत्तर १८, पूर्व ७३ अंशांपासूनचा चौकोन) या फाइलीत तोरणा, राजगड, सिंहगड, रायगड सगळे येतात. ३६०१ ओळी, ३६०१ रकाने, दर ठिकाणी दोन बाइट.

दुखणं असं की चित्राच्या पूर्व कडेला, सासवड-लोणी काळभोरच्या बाजूला, पठार अचानक कोसळायचं. पाच-सहाशे मीटरवरून थेट कोकणाच्या पातळीला! लॅपटॉपवरच्या लिनक्सवरही तेच. तिथला डीबग बिल्ड बिनतक्रार चालतो, पण चूक कुठे ते सांगत नाही. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर (कोडचा प्रोग्राम करणारा) डीबगमध्ये व्हेक्टरची, म्हणजे आकड्यांच्या यादीची, हद्द स्वतःहून तपासतो, म्हणून विंडोजवर डीबग लावला.

पहिल्याच लिंकला लिंकर (प्रोग्रामचे तुकडे जोडणारा) म्हणाला, शेवटी ‘_डी’ असलेली पायथनची लायब्ररी सापडत नाही. मी तर ती मागितलीच नव्हती. विंडोजवर पायथनच्या हेडरमध्येच (सी-प्लस-प्लसमध्ये ओढून घ्यायच्या फाइलीत) अशी ओळ असते: डीबग चालू असेल तर डीबगवाली लायब्ररी जोड. पायथनच्या इन्स्टॉलरमध्ये डीबग फायलींसाठी एक टिक असते, ती केली. लिंक झालं, पण नमपाय (पायथनचं आकडेमोडीचं मॉड्यूल) उठेना. डीबग पायथन ‘_डी’ शेपटीचेच मॉड्यूल शोधतो आणि पिपने (पायथनची मॉड्यूल आणणाऱ्या साधनाने) आणलेला नमपाय रिलीजचा. म्हणजे आता नमपायही स्वतः बांधा! तिथेच हात टेकले.

मग पायथनचं हेडर घेण्यापुरतं डीबगचं मॅक्रो (कंपायलरसाठीची खूण) काढून टाकायचं आणि नंतर परत लावायचं, ही जुनी युक्ती केली. व्हीटीकेचं स्वतःचं पायथन-हेडरही हेच करतं. पायथन शांत झाला आणि व्हीटीके उठला: आयटरेटर डीबग लेव्हल (हद्दतपासणीची पातळी) माझ्याकडे २, व्हीटीकेकडे ०, रनटाइम (प्रोग्रामसोबत चालणारी मूळ लायब्ररी) माझ्याकडे एमडीडी, म्हणजे डीबगचा, व्हीटीकेकडे एमडी, म्हणजे रिलीजचा. ही लिंकरची कटकट नाही, उपकार आहेत. दोन्ही बाजूंना व्हेक्टरची रचनाच वेगळी असते. लिंक होऊ दिलं असतं तर मेमरीचा चिवडा झाला असता.

सगळा व्हीटीके डीबगमध्ये बांधायचा बेत एका रात्रीपुरता होता. सकाळी डिस्क भरलेली दिसली.

दुसरा नेहमीचा मार्ग रेल-विथ-डेब-इन्फो, म्हणजे डीबगची माहिती जोडलेला रिलीज बिल्ड. रनटाइम एमडीच राहतो, त्यामुळे रिलीजच्या व्हीटीके-पायथनशी भांडण नाही. पण सीमेक (बिल्डची मांडणी करणारा) त्यात ओ-टू (वेगासाठी कोड बदलायची सूचना) घालतो, म्हणून डीबगरमध्ये निम्मे व्हेरिएबल ‘ऑप्टिमाइझ’ होऊन गायब. शिवाय एनडीबग या मॅक्रोमुळे असर्टही (कोडमध्ये लिहिलेल्या तपासण्या) गप्प. ओ-टूच्या जागी ओ-डी (असे बदल नकोत) केलं, एनडीबग काढलं, आणि व्हीटीके रिलीजचाच उचलायला सीमेकला बजावलं. आता ओळीओळीने चालता येतं. फक्त जिच्यासाठी निघालो होतो ती हद्दतपासणी यात नाही.

शेवटी सुचलं ते आधी सुचायला हवं होतं. माझ्या वाचणाऱ्या भागाला व्हीटीके लागतच नाही, पायथनही नाही. तो वेगळ्या स्टॅटिक लायब्ररीत काढला, त्याला वीसेक ओळींचा चाचणी-प्रोग्राम जोडला आणि तेवढाच खऱ्या डीबगमध्ये बांधला. चार सेकंदांत खिडकी उघडली: सबस्क्रिप्ट हद्दीबाहेर. डीबगरमध्ये इंडेक्स, म्हणजे यादीतला क्रमांक, १२९६७२०१. ३६०१ गुणिले ३६०१ बरोबर तेवढेच! मोजणी शून्यापासून, म्हणून हा हद्दीच्या एक पुढे.

उतार काढताना खालच्या ओळीची काळजी घेतली होती, उजव्या शेजाऱ्याची विसरलो होतो. शेवटच्या रकान्याचा ‘उजवा शेजारी’ म्हणजे पुढच्या ओळीचा पहिला रकाना, म्हणजे पश्चिम कड, म्हणजे कोकण. हद्दीबाहेर जाणारा होता फक्त आग्नेय कोपऱ्यातला शेवटचा बिंदू. बाकीचे हद्दीत राहून चुकीचं वाचत होते. रिलीजमध्ये क्रॅश का होत नव्हता, तेही कळलं.

(लिनक्सवर ‘_जीएलआयबीसीएक्सएक्स_असर्शन्स’ एवढं एक मॅक्रो दिलं असतं तरी हेच कळलं असतं, आणि त्याने व्हेक्टरची रचनाही बदलत नाही. तीन रात्री! असो.)

आता मांडणी अशी: वाचनाचा भाग खऱ्या डीबगमध्ये, खिडकी आणि पायथन बदललेल्या रेल-विथ-डेब-इन्फोमध्ये, दोन वेगळ्या बिल्ड-फोल्डरांत. पुढची फाइल एन१७ई०७३. १८ अंशांची ओळ दोन्ही फायलींत येते, ती एकदाच घ्यायची आहे. प्रतापगड त्या ओळीच्या जेमतेम खाली आहे.