तुम्ही विचारलंत म्हणून : ते जेल कृष्णेत का टाकत नाही?

सांगलीत मी रसायनशास्त्र शिकवतो, हायड्रोजेलवर, म्हणजे पाणी शोषून फुगणाऱ्या पण न विरघळणाऱ्या जेलवर काम करतो, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "सर, रंग धरणारं ते जेल सरळ कृष्णेत का टाकत नाही?" विचारणाऱ्यांत तासगावकडचे द्राक्षवाले बरेच. त्यांना जेल नवं नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं 'पुसा हायड्रोजेल' मुळाशी घातलं की ओल टिकते, हे ते ऐकून असतात.

नाही टाकत, कारण आयर्विन पुलाखालच्या पाण्याचं दुखणं रंग नाहीच. शेरी नाल्यातून येतो मैला, साबण, जंतू. तिथं जेल काय करणार? आणि इचलकरंजीकडून कापड रंगवण्याचं जे सांडपाणी येतं ते पंचगंगेतून नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळतं, म्हणजे आपल्या खाली.

जेल रंग धरतं कसं, हे मात्र घरी बघता येतं. माशांच्या दुकानात मेथिलीन ब्लू मिळतं. पाण्यात त्याचा एखादा थेंब टाका, वर डायपरमधली पांढरी पावडर चिमूटभर. दाणे फुगतात, हळूहळू निळे होतात आणि भोवतीचं पाणी फिकं पडतं. ती पावडर म्हणजे सोडियम पॉलिॲक्रिलेट, एकमेकींना जागोजागी बांधलेल्या लांब साखळ्या. साखळीवर ऋणभार, रंगावर धनभार. सोडियम सुटतो, रंग त्याची जागा घेतो. आता चमचाभर मीठ घाला. जेल आकसतं आणि रंगावरची पकड ढिली पडते, कारण मिठातला सोडियम त्याच जागांवर हक्क सांगतो.

घोडं अडतं ते या मिठापाशीच. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग चढवायला लिटरमागे ३० ते १०० ग्रॅमपर्यंत मीठ लागतं, आणि ते जवळपास सगळं सांडपाण्यात उतरतं. त्यातून हे रंग ऋणभाराचे, म्हणजे डायपरचं जेल त्यांना हातच लावत नाही. त्यांना लागतं कोळंबी-खेकड्याच्या टरफलांपासून काढलेलं कायटोसान, तेही आम्लात, आणि डाइंगचं पाणी असतं अल्कधर्मी. एका ग्रॅम जेलनं हजार मिलिग्रॅमच्या वर मेथिलीन ब्लू धरल्याचे आकडे शोधनिबंधांत येतात. खोटे नसतात, पण बहुतेक डिस्टिल्ड वॉटरमधले असतात.

ओलं जेल मऊ असतं. पाणी त्यातून सोडायला नळीत भरलं की दबतं आणि पाण्याची वाट बुजवतं. म्हणून त्यात बेंटोनाइट माती मिसळतात, किंवा मॅग्नेटाइट, म्हणजे काम झाल्यावर चुंबकानं ओढून काढता येतं. आमच्याकडे पोरांना आवडतात ते अल्जिनेटचे मणी: सोडियम अल्जिनेटचं दाट द्रावण थेंबाथेंबानं कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडायचं. थेंब पडतो तो गोलच राहतो, भिजल्या साबुदाण्यासारखा. हे करायला बसली की द्रावण संपेपर्यंत उठत नाहीत.

तर जेलची जागा नदीत नाही. ती डाइंगच्या आवारात, बाकीची प्रक्रिया उरकल्यावर राहिलेल्या फिक्या रंगासाठी. आणि तिथंही रंग नाहीसा होत नाही, पाण्यातून फक्त जेलमध्ये जातो. मेथिलीन ब्लू धरलेलं जेल सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लानं धुतलं तर पुन्हा वापरता येतं, पण मग बादलीभर गडद निळं आम्ल उरतं. प्रोसेसवाले फोनवर जेलचा दर विचारतात, तेव्हा मी आधी या बादलीचं विचारतो. ती आटवून गाळ घातक कचऱ्याच्या केंद्राला पाठवायचा खर्च धरला, की मग दराचं बोलू.