हनुवटी पक्की आहे, हे ठरवायचे कशावरून?

मुष्टियुद्धातील जुन्या हेवीवेट (सर्वांत वजनदार गटाच्या) लढतींची चित्रणे मी गेली अनेक वर्षे पुन्हापुन्हा पाहत आलो आहे आणि दर वेळी एकाच प्रश्नापाशी अडतो: अमक्याची हनुवटी पक्की, म्हणजे तो ठोसे पचवून उभा राहतो, आणि तमक्याची काचेची, म्हणजे तो चटकन कोसळतो, असे आपण म्हणतो ते नेमके कशाच्या आधारावर? बहुतेक जण दोनच गोष्टी मोजतात, मुष्टियोद्धा किती वेळा पडला आणि किती वेळा नॉकआउट झाला, म्हणजे पंचाच्या दहाच्या मोजणीत उठू शकला नाही किंवा पंचाने लढत थांबवली. ही नोंद उपयोगाची आहे. परंतु केवळ तिच्यावर विसंबले तर फसगत होते, आणि हे मला सर्वांत स्पष्टपणे दाखवून दिले ते ज्यो फ्रेझियरच्या लढतींनी.

मुहम्मद अलीविरुद्ध 1971, 1974 आणि 1975 अशा तीन लढतींत मिळून फ्रेझियर 41 फेऱ्या खेळला आणि त्यांत तो एकदाही खाली पडला नाही. याच फ्रेझियरला जानेवारी 1973मध्ये जमैकातील किंग्स्टन येथे जॉर्ज फोरमनने दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले. त्या रात्री त्याची हनुवटी कायमची निकामी झाली, असे म्हणण्याचीही सोय नाही, कारण अलीविरुद्धच्या 41 फेऱ्यांपैकी 26 फेऱ्या त्यानंतरच्या आहेत. फरक होता तो ठोशाच्या जातीत आणि दिशेत. फ्रेझियर वाकून, डोके हलवत पुढे घुसत असे. अलीचे लांबून येणारे सरळ ठोसे तो अंगावर झेलत आत शिरू शकत होता, पण फोरमनने त्याला दोन्ही हातांनी मागे ढकलून अंतर राखले आणि पुढे येणाऱ्या त्या डोक्याला खालून वर येणाऱ्या अपरकटने गाठले. म्हणून कोणाचीही हनुवटी जोखताना माझा पहिला प्रश्न असतो, मारणारा कोण होता आणि ठोसा कुठून आला.

याचे कारण शरीररचनेत आहे. हनुवटीच्या टोकावर किंवा जबड्याच्या बाजूवर ठोसा बसला की ती तरफेसारखी काम करते. कवटी झटक्यात फिरते, आतला मेंदू त्या गतीच्या किंचित मागे राहतो, आणि त्या पिळामुळे शुद्ध हरपते. कपाळावर बसलेला तितक्याच ताकदीचा ठोसा बहुतेकदा डोके इतके फिरवू शकत नाही. ठोसा येताना दिसला तर मान आपोआप ताठरते, दात माउथपीसवर (दातांच्या संरक्षक पट्टीवर) घट्ट बसतात आणि डोक्याला बसणारा झटका कमी होतो; न दिसलेला ठोसा मात्र सैल मानेवर आदळतो. चित्रण सावकाश करून पाहताना मी हल्ली ठोशाकडे न पाहता मार खाणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहतो. त्याला ठोसा दिसला होता आणि तरीही तो कोसळला, तर काळजीचे कारण आहे. दिसलाच नसेल, तर दोष बचावाचा आहे.

दुसरी कसोटी पडल्यानंतरच्या दहा सेकंदांची. सप्टेंबर 1979मध्ये लास व्हेगासला सातव्या फेरीत अर्नी शेव्हर्सच्या उजव्या हाताने लॅरी होम्सला आडवे केले. शेव्हर्सने कारकिर्दीत एकूण साठाहून अधिक लढती नॉकआउटने जिंकल्या, तरी होम्स उठला, सावरला आणि अकराव्या फेरीत लढत त्यानेच संपवली. 75 लढतींच्या कारकिर्दीत त्याला वेळेआधी थांबवले ते एकट्या माइक टायसनने, 1988मध्ये, तेव्हा होम्सचे वय 38 होते. डिसेंबर 2018मध्ये बाराव्या फेरीत डिऑन्टे वाइल्डरच्या ठोशांनी टायसन फ्युरी पाठीवर निपचित पडला, तरी तो उठला, पंचाने सांगितल्याप्रमाणे त्याने चालून दाखवले आणि फेरी पूर्ण केली. पाय किती लवकर ताब्यात येतात, हे मला पडण्याच्या संख्येपेक्षा अधिक सांगून जाते.

व्लादिमिर क्लिट्श्कोबाबत मी स्वतः चुकलो होतो. 2003मध्ये कोरी सँडर्सने त्याला दुसऱ्या फेरीत संपवले आणि 2004मध्ये लॅमन ब्रूस्टरविरुद्ध तो पाचव्या फेरीत कोसळला, तेव्हा काचेची हनुवटी हा शिक्का मीही मारला. परंतु ब्रूस्टरविरुद्ध आधीच्या फेऱ्यांत वरचढ असताना त्याची दमछाक झाली होती, हे मी पुरेसे विचारात घेतले नव्हते. सप्टेंबर 2005मध्ये सॅम्युएल पीटरने त्याला तीन वेळा पाडले, तरी गुणांवर लढत जिंकला तो क्लिट्श्को. पुढे 2006 ते 2015 त्याने विजेतेपद राखले, कारण लांब डावा हात आणि प्रतिस्पर्ध्याला मारलेली मिठी यांच्या आधारे धोकादायक ठोसा त्याच्यापर्यंत पोहोचूच दिला जात नव्हता. आणि 2017मध्ये, वयाच्या 41व्या वर्षी, अँथनी जॉशुआने पाडल्यावर उठून त्याने पुढच्याच फेरीत जॉशुआला खाली बसवले. त्याची हनुवटी उत्तम होती असे मी आजही म्हणणार नाही. सावरण्याची त्याची क्षमता मात्र आम्ही समजलो त्याहून पुष्कळ मोठी होती.

दुसऱ्या टोकाला टोरांटोचा जॉर्ज चुवालो आहे. अली, फ्रेझियर, फोरमन यांच्याविरुद्धच्या लढतींसह एकूण 93 लढती खेळून तो एकदाही जमिनीवर पडला नाही, आणि हेवीवेटमधील सर्वांत पक्की हनुवटी कोणाची, असे मला विचारले तर मी त्याचेच नाव घेईन. तरीही फ्रेझियर आणि फोरमन या दोघांविरुद्ध पंचाला लढत थांबवावी लागली, आणि तेव्हा चुवालो उभाच होता. न पडणारा माणूस मार खातच राहतो, आणि नॉकडाऊनची मोजणी देते तेवढी विश्रांतीही त्याला मिळत नाही.

हे मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते अलीची 1977ची शेव्हर्सविरुद्धची लढत पाहताना. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये 35 वर्षांच्या अलीने त्या उजव्या हाताचे ठोसे पंधरा फेऱ्या झेलले, तो पडला नाही, आणि शेवटच्या फेरीत शेव्हर्सचे पाय त्यानेच डळमळवले. त्या लढतीनंतर अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी त्याच्या मूत्रपिंडांच्या तपासणीचे अहवाल त्याच्या जवळच्या लोकांना पाठवले आणि त्याची साथ सोडली. अली त्यानंतर आणखी चार लढती खेळला.