दाराचं लॉक तेच ठेवून फक्त सिलिंडर बदलला - माझा अनुभव

रिसेलचा फ्लॅट घेतला की लोक आधी रंग, मग किचन ट्रॉली, मग पडदे असं करत जातात, पण माझं स्पष्ट मत आहे की सगळ्यात आधी मेन डोअरच्या किल्ल्यांचं बघा. आम्ही कोथरूडला फ्लॅट घेतला तो आधी बरीच वर्षं भाड्याने दिलेला होता. ताबा देताना मालक काकांनी दोन किल्ल्या हातात ठेवल्या आणि प्रामाणिकपणे सांगून टाकलं की भाडेकरू येत-जात राहिले, कुणी डुप्लिकेट करून घेतली असेल तर मला कल्पना नाही. आई माझ्याबरोबर राहते, मी ऑफिसला गेले की ती दिवसभर एकटीच. घरात असताना आतून कडी लावते, पण ती भाजीला खाली उतरली की अख्खं घर त्या एका लॉकच्या भरवशावर, आणि त्या लॉकच्या किल्ल्या कुठे कुठे पडल्यात कुणाला माहीत.

सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले ताई पूर्ण सेट बदलावा लागेल, हँडल, बॉडी सगळंच, आणि नवीन बॉडी याच मापाची नाही मिळाली तर दाराला परत खाच पाडावी लागेल. खर्च सांगितला पाच हजाराच्या वर. पण लॉक तर ठणठणीत होतं, हँडल पण छान पितळी, मला ते बदलायचंच नव्हतं. म्हणून मग मी नीट वाचायला घेतलं की हे मॉर्टाइज लॉक आतून असतं कसं.

तर दाराच्या जाडीत जी लोखंडी पेटी बसवलेली असते ती लॉकची बॉडी, बोल्ट (किल्ली फिरवली की चौकटीत शिरणारा दांडा) आणि लॅच (हँडल दाबलं की आत जाणारी खिट्टी) तिच्यात. किल्ली जिथे जाते तो सिलिंडर वेगळा पार्ट, त्या पेटीतून आरपार गेलेला आणि एका लांब स्क्रूवर धरलेला. सिलिंडरमध्ये बारीक पिना आणि त्यांच्यावर स्प्रिंगा असतात. बरोबर किल्ली घातली की तिच्या खाचांमुळे प्रत्येक पिन नेमकी हवी तेवढी उचलली जाते आणि मधला गोल भाग फिरायला मोकळा होतो, दुसरी किल्ली घातली तर एखादी तरी पिन अडते. अमेरिकेतल्या लायनस येल ज्युनिअरने 1860 च्या दशकात याची पेटंट घेतली आणि आजही आपल्या दारात तेच तत्त्व चालतंय याचं मला फार कौतुक वाटतं. म्हणजे किल्ली कुठली चालणार हे सगळं सिलिंडर ठरवतो, पेटीला किल्लीशी काही देणंघेणं नाही. सिलिंडर बदलला की जुन्या सगळ्या किल्ल्या बाद.

एक बघून घ्या, तुमच्या दाराला युरो प्रोफाइल सिलिंडर आहे का, म्हणजे वर गोल आणि खाली चपटा पाय अशा आकाराचा. तो असेल तर आकार ठरलेला असतो, गोल भाग 17 मिमी, पाय 10 मिमी जाड, त्यामुळे कंपनी दुसरी असली तरी बसतो. फक्त लांबी आपली आपण मोजायची, आणि सगळा खेळ त्या लांबीचाच आहे.

दार उघडलं की त्याच्या कडेवर उभी पट्टी दिसते, त्यावर सिलिंडरच्या उंचीला एक स्क्रू असतो. त्या स्क्रूच्या मध्यापासून बाहेरच्या प्लेटपर्यंत किती आणि आतल्या प्लेटपर्यंत किती, अशी दोन मापं वेगवेगळी घ्यायची. नुसती एकूण लांबी घेऊन दुकानात जाऊ नका. आमच्या दाराला आधीच्या मालकांनी आतल्या बाजूने जाड पॅनेलिंग केलेलं, त्यामुळे माप निघालं बाहेर 30 आणि आत 40, एकूण 70.

हे घेऊन रविवार पेठेत बोहरी आळीत गेले, हार्डवेअरचं जे काही लागेल ते तिथे. पहिल्या दुकानात काका म्हणाले ताई सगळ्यांना 60 च लागतो, घेऊन जा. दुसऱ्यांनी 70 दिला पण तो 35 आणि 35 चा, म्हणाले पाच मिलिमीटरने काय होतंय. पण होतं ना! तो बसवला तर बाहेरच्या बाजूला पाच मिलिमीटर पुढे आला असता, आणि स्क्रूचं भोक जिथे असतं तिथेच सिलिंडर सगळ्यात कमजोर असतो, बाहेर आलेला भाग पक्कडीत धरून मोडता येतो, मग तुमच्या कॉम्प्युटर कीला, म्हणजे त्या खळग्यांच्या चपट्या किल्लीला, काही अर्थ राहत नाही. बाहेर फार तर दोन-तीन मिलिमीटर दिसला तर ठीक. म्हणून मी हट्टाने 30-40 चाच शोधला आणि आळीतच पुढे मिळाला, हजाराच्या आत.

दुसरा प्रश्न आतून किल्ली की नॉब, म्हणजे हाताने फिरवायची छोटी मूठ. मी नॉब घेतला आणि ज्यांच्या घरी वयस्कर माणसं आहेत त्यांनी तोच घ्यावा असं मला मनापासून वाटतं. रात्री काही झालं, गॅस लीक म्हणा, आग म्हणा, तर आईने अंधारात किल्ली शोधत बसायचं का? आणि दोन्हीकडून किल्लीवाला साधा सिलिंडर असेल तर आतून किल्ली तशीच राहिली की बाहेरून किल्ली चालत नाही, हे अनेकांच्या घरी होतं. फक्त दाराशेजारी काच किंवा अशी जाळी नको जिथून हात घालून नॉब फिरवता येईल. आणि 30-40 मध्ये नॉब 40 च्याच बाजूला आहे ना हे दुकानातच बघा, कारण नॉबवाला सिलिंडर उलटा करून बसवता येत नाही.

आता बसवणं. दिवसाउजेडी करा, घरात अजून कुणीतरी असताना करा आणि दार पूर्ण उघडं ठेवून, बोल्ट आत घेऊन करा, वाऱ्याने लागू नये म्हणून खाली काहीतरी अडकवा. कडेवरच्या स्क्रूवर आमच्याकडे रंगाचा थर बसलेला, तो आधी टोकाने खरवडून काढला, नाहीतर चार पातींचा स्क्रूड्रायव्हर नीट बसत नाही आणि डोकं झिजतं. स्क्रू चांगला लांब निघतो, दचकू नका. स्क्रू निघाला तरी सिलिंडर लगेच बाहेर येत नाही आणि इथेच लोक हातोडी घेतात. हातोडी अजिबात नको. सिलिंडरच्या मधोमध एक जीभ असते, जी फिरून बोल्ट ढकलते, किल्ली काढलेली असताना ती तिरकी उभी असते आणि पेटीत अडते. किल्ली घालून अगदी थोडी फिरवायची, आधी एकीकडे मग दुसरीकडे, आणि त्याच वेळी आतल्या बाजूने हलकं ढकलत राहायचं. जीभ पायाच्या रेषेत आली की सिलिंडर लोण्यातून सुरी निघावी तसा सरकतो. मला तर तो हातात आला तेव्हा इतका आनंद झाला की आईला हाक मारून दाखवला.

नवा घालताना तेच, जीभ पायाच्या रेषेत आणून सरकवायचा, दोन्हीकडून मापात आला की स्क्रू हाताने लावायचा. लगेच आवळू नका. आधी दार उघडंच ठेवून किल्लीने आणि नॉबने बोल्ट आत-बाहेर करून बघा, मग आवळा, मग परत बघा. स्क्रू फार ताणला तर सिलिंडर ओढला जातो आणि किल्ली जड फिरते, तसं वाटलं तर अर्धा आटा सैल करा.

हे झाल्यावर दार लावून किल्ली फिरवली तर थोडी जड. उघड्या दारात किल्ली मऊ आणि बंद दारात जड असेल तर दोष सिलिंडरचा नाही, बोल्ट चौकटीतल्या पट्टीला घासतोय. पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा हे हमखास होतं. आमच्याकडे चौकटीच्या पट्टीचं भोक कानशीने वरून जरासं मोठं केलं आणि प्रश्न मिटला. आणि उघड्या दारातही जड असेल तर खोबरेल तेल, शिलाई मशीनचं तेल काही घालू नका, त्याच्यावर धूळ चिकटते आणि पिना जॅम होतात. ग्रॅफाइट पावडर मिळते ती घाला, नसेल तर पेन्सिलचं शिसं किल्लीच्या खाचांवर घासून किल्ली आत-बाहेर करा.

पाकिटात कोडचं छोटं कार्ड पण होतं, डुप्लिकेट करायला लागतं, ते मी लॉकरमधल्या कागदांत ठेवलंय. किल्लीचा किंवा कार्डाचा फोटो घरच्यांच्या ग्रुपवर सुद्धा टाकू नका, फोटोवरून किल्ली बनवता येते. किल्ल्या मिळाल्या तीन. एक माझ्याकडे, एक आईकडे, तिसरी सिंहगड रोडला बहिणीकडे. शेजारच्या काकूंनी बघितल्यावर त्यांच्याही दाराचं माप घ्यायला बोलावलं, त्यांचं निघालं 35-35, त्यांचा सिलिंडर आणायला येत्या शनिवारी आम्ही दोघी बोहरी आळीत जाणार आहोत.