अर्धा फाटलेला नाताळ अंक

गेल्या डिसेंबरात लेकीकडे ब्रिस्टलला होते. एका रविवारी जावयाने हे-ऑन-वायला नेलं. वेल्सच्या अगदी वेशीवरचं चिमुकलं गाव, आणि जिकडे बघावं तिकडे जुन्या पुस्तकांची दुकानं. बाहेर बोचरा पाऊस. दोघं कॉफी शोधायला गेली आणि मी एका दुकानाच्या तळघरात मासिकांच्या खोक्यापाशी बैठक मारली.

तिथे हाताला लागला 'लिलिपुट'चा नाताळ अंक. नावाला साजेसा, कोटाच्या खिशात मावेल एवढा. मुखपृष्ठ उजवीकडून तिरकं फाटलेलं, त्यात तारखेचा कोपराही गेलेला. पिनांना गंज चढून पानांवर तपकिरी डाग पडलेले. मी सवयीने आधी वास घेतला. आमच्या घरी दिवाळी अंक आला की पहिला मान नाकाचा. इथे शाईचा वास कधीच उडालेला, ओलसर कपाटाचा तेवढा उरलेला.

'लिलिपुट' १९३७ साली लंडनमध्ये सुरू झालं. काढणारा स्टीफन लोरांट, हंगेरियन माणूस. म्युनिकमध्ये संपादक होता, १९३३ साली हिटलरने त्याला कित्येक महिने तुरुंगात डांबलं. तिथून सुटून इंग्लंडला आला आणि इंग्रजांना हसवायला बसला. मुखपृष्ठं करणारा वॉल्टर ट्रायर मूळचा प्रागचा, तोही नाझींच्या धाकाने बर्लिन सोडून आलेला. त्याने पहिल्या अंकापासून बारा वर्षं दर महिन्याला तीच तीन मंडळी काढली: एक पुरुष, एक बाई आणि एक छोटा कुत्रा. वेष बदलायचे, काळ बदलायचा, कुत्रा मात्र ठरलेला.

माझ्या अंकाची गंमत अशी की फाटताना नेमका पुरुषच गेलाय. त्याचा एक बूट तेवढा शिल्लक आहे. बाई आहे, कुत्रा आहे. आणि मासिक म्हणे पुरुषांचं!

म्हणजे 'लिलिपुट'ने तशी पाटी लावली नव्हती. तो आगाऊपणा 'मेन ओन्ली'चा. १९३५ साली निघालेल्या त्या मासिकाने सुरुवातीलाच बजावलं होतं की आम्हाला स्त्री वाचक नकोत. 'लिलिपुट' जरा शहाणं. गोष्टी, व्यंगचित्रं, उत्तम छायाचित्रं आणि 'कलात्मक' म्हणून एखाददुसरं विवस्त्र बाईचं चित्र. सैनिकांच्या बराकीत ते कशासाठी उघडलं जायचं, हे काही सांगायला नको. आमच्याकडेही 'आवाज'चा दिवाळी अंक कपाटाच्या वरच्या फळीवर असायचा. त्यातल्या खिडकीतून डोकावलं की भलतंसलतं दिसायचं आणि पान उलटलं की सोज्वळ काहीतरी निघायचं. वरच्या फळीपर्यंत हात कोणाकोणाचे पोचायचे, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

'लिलिपुट'ची खरी खोडी होती जोडचित्रांची. समोरासमोरच्या दोन पानांवर दोन छायाचित्रं. एकीकडे पंतप्रधान चेंबरलेन, दुसरीकडे लामा नावाचा उंटाचा भाऊबंद, चेहऱ्यावर तोच भाव. एकीकडे हात उंचावून सलाम करणारा हिटलर, समोर पंजा वर केलेलं कुत्रं. ज्याने तुरुंगात टाकलं त्याचा हिशेब लोरांटने असा चुकवला. १९४० साली तो अमेरिकेला निघून गेला. युद्धाच्या धामधुमीत या 'पुरुषांच्या' मासिकाची सहसंपादक होती के वेब. बाई! रोनाल्ड सर्ल नावाच्या कोवळ्या सैनिकाचं शाळकरी मुलींवरचं व्यंगचित्र तिने १९४१ साली छापलं. पुढच्याच वर्षी तो सिंगापुरात जपान्यांच्या हाती सापडला. कैदेतून जिवंत परतला आणि पुढे दोघांनी लग्न केलं.

तर माझा अंक कोणत्या सालचा? मी जाहिरातींकडे वळले. सणाच्या अंकात काही वेळा जाहिरातीच जास्त खरं बोलतात. एक साबणवाला सांगत होता, वडी पाण्यात राहू देऊ नका, कुपनं जपून वापरा. साबणावर रेशन आलं फेब्रुवारी १९४२ मध्ये, म्हणजे अंक त्यानंतरचा. दाढीच्या पात्यांची जाहिरात चक्क माफी मागत होती: माल कमी आहे, युद्ध संपलं की पुन्हा भरपूर मिळेल. म्हणजे युद्ध चालू होतं. ४२, ४३ किंवा ४४ चा नाताळ. तंबाखूवाला तेवढा खुशीत दिसला, कारण तंबाखूवर रेशन नव्हतंच. जावई आला आणि खिशातून फोन काढून म्हणाला, "आई, थांबा, एका मिनिटात साल शोधून देतो." नको म्हटलं. तीन नाताळ हातात असताना एकावर कशाला यायचं?

कागद इतका पातळ की मागच्या पानावरचा विनोद पुढच्या गोष्टीत उतरतो. कागदाचंही रेशनच होतं. पण मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. सणाचा अंक काही सणाच्या दिवशी लिहीत नाहीत. आपल्याकडे दिवाळी अंकाची पत्रं भर मे महिन्यात लेखकांच्या दारात येतात, घामाच्या धारा पुसत माणसं आकाशकंदिलावर लिहितात. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हे असंच. दिवाळी येणारच, हे त्यात धरलेलं असतं. या अंकाचे विनोदही शरदातच जुळवले गेले असणार. छपाईयंत्र, टपाल, वाचणारा, यातलं काय डिसेंबरपर्यंत जागेवर राहील याची खात्री नसताना कोणीतरी 'नाताळच्या शुभेच्छा' जुळवून ठेवल्या होत्या.

'लिलिपुट' १९६० साली 'मेन ओन्ली'त विलीन झालं. त्या 'मेन ओन्ली'चं पुढे जे झालं ते तर वरच्या फळीवरही ठेवण्यासारखं नव्हतं.

पेन्सिलीने लिहिलेली किंमत होती चार पौंड. दुकानदाराने फाटकं मुखपृष्ठ पाहिलं आणि आपणहून एक पौंड कमी केला. बहुधा पुरुषाचा.

पुण्याला आल्यावर अंक दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात ठेवला. परवा शेजारणीला दाखवायला गेले तर सापडेना. एका जाडजूड अंकाच्या पोटात शिरून बसला होता. बाहेर दिसत होता तो फक्त कुत्रा.